ग्रंथालयातील देवघेव

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्या खिडकीशी विद्यार्थ्याचा सर्वांत अधिक संबंध येतो, तिच्यावर बहुधा ‘देवघेव विभाग’ अशी पाटी असते. शब्द जुना आहे आणि मोठा अर्थपूर्ण आहे. ग्रंथालयाने ग्रंथ द्यावा, वाचकाने तो न्यावा, वाचावा आणि ठरल्या दिवशी परत आणून द्यावा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या व्यवहाराचे रूप पालटले आहे. विद्यार्थी घरी बसून आपल्या खात्यात प्रवेश करतो, परदेशात प्रसिद्ध झालेला लेख क्षणात पडद्यावर उघडतो, दुसऱ्या प्रांतातील विद्यापीठाने मान्य केलेला प्रबंध उतरवून घेतो, आणि ह्यांपैकी काहीही त्याला परत करावे लागत नाही. जी वस्तू जागची हलतच नाही ती परत तरी कशी करावयाची? घेण्याची सोय अशी अपार वाढली. देण्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. तो आज आपणांपुढे मांडावा, असा माझा हेतू आहे.

आरंभी एका थोर ग्रंथपालाचे स्मरण करणे उचित होईल. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हा त्यांतील पहिल्या सूत्राचा आशय. आज ते वाचताना कोणालाही वाटेल की, ह्यात सांगण्यासारखे काय आहे? परंतु मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथीड्रलात असे साखळदंडी ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. आपल्याकडेही परहस्ती गेलेली पोथी गेलीच असे समजण्याची रीत होती. तेव्हा साखळी काढून टाकणे हीच ग्रंथालयाची पहिली क्रांती होय. नव्या काळात साखळी दिसेनाशी झाली आहे, पण नाहीशी झालेली नाही. तिची जागा परवलीच्या शब्दाने, म्हणजे पासवर्डने घेतली आहे. म्हणून ग्रंथालयातील आपले खाते म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की त्याच्या नावाचे खाते ग्रंथालयात उघडते. त्या खात्यात त्याने कोणते ग्रंथ नेले, ते केव्हा परत करावयाचे, मुदत वाढवून मिळेल की नाही, दुसऱ्याने नेलेल्या ग्रंथासाठी आपले नाव कसे लावून ठेवावे, ह्या सर्वांची नोंद असते. हे हिशेब ठेवण्यासाठी भारतातील अनेक विद्यापीठांत ‘कोहा’ नावाची संगणकप्रणाली वापरतात. ती न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयसंस्थेसाठी १९९९ साली तयार करण्यात आली आणि पुढे सर्व जगाला विनामूल्य खुली झाली. ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द आहे. पाहुण्याने यजमानाकडे जाताना न्यावयाची भेट, असा त्याचा अर्थ. आणि त्या भेटीत परस्परांनी एकमेकांचे देणे फेडीत राहावे, ही अपेक्षा गृहीत असते. आपल्या ‘देवघेव’ शब्दाचा हा दूरदेशीचा सख्खा भाऊच म्हणावयाचा!

परंतु आजच्या विद्यार्थ्याला खात्याचा खरा उपयोग होतो तो ग्रंथ नेण्यासाठी नव्हे, तर अंकीय साधनांसाठी, म्हणजे संगणकावरून वाचावयाची नियतकालिके, ग्रंथ आणि माहितीकोश ह्यांच्यासाठी. ही साधने विद्यापीठाच्या इमारतीत नसतात. ती प्रकाशकांच्या संगणकांवर, बहुधा परदेशात असतात. विद्यापीठाच्या आवारातील संगणकावरून कोणी ती मागितली, तर प्रकाशकाकडील यंत्रणा ती मागणी कोणत्या जाळ्यातून आली हे पाहते आणि वर्गणीदार संस्था ओळखून दार उघडते. विद्यार्थी घरी असला की ही ओळख पटत नाही. अशा वेळी त्याचे खाते कामास येते. तो आपल्या संस्थेकडे आपली ओळख पटवितो, आणि संस्था प्रकाशकास कळविते की, हा आमचा मनुष्य आहे, ह्यास आत घ्यावे. पासवर्ड प्रकाशकाच्या हाती पडतच नाही. पूर्वी परगावच्या ग्रंथालयात जाताना प्राचार्यांचे शिफारसपत्र न्यावे लागे; तेच पत्र आता पापणी लवण्याच्या आत जाते आणि पोहोचते. भारतीय विद्यापीठांसाठी अशी व्यवस्था ‘इन्फ्लिबनेट’ ह्या केंद्राने ‘इन्फेड’ ह्या नावाने उभारली आहे. हे केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाचे असून ते गांधीनगर येथे आहे.

विद्यार्थ्याला हे सर्व फुकट मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः ते फुकट नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मान्य केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा विस्तार आहे. २०२५, २०२६ आणि २०२७ ह्या तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आहेत. साधा भागाकार केला तर दरडोई वर्षाला सुमारे अकराशे रुपये पडतात. जो शेतकरी, जो दुकानदार, जी गृहिणी ह्या नियतकालिकांचे नावही कधी ऐकणार नाही, त्यांच्या करांतून ही रक्कम उभी राहते. खाते उघडताना ह्याची जाणीव विद्यार्थ्याला असावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही जाणीव नसली म्हणजे दोन प्रकारचे अपराध घडतात. पहिला, आपला पासवर्ड मित्राला देणे. ह्यात औदार्य दिसते खरे, परंतु जी वस्तू आपली नव्हेच ती देण्यात औदार्य कसले? दुसरा, हावरेपणाने उतरवून घेणे. एखाद्या नियतकालिकाचे वीस वर्षांचे सगळे अंक एका रात्रीत आपल्या संगणकात भरून ठेवावेत, असा मोह काहींना होतो. प्रकाशकाची यंत्रणा असे वर्तन ओळखते आणि बहुधा त्या एका विद्यार्थ्याचे नव्हे, तर त्या संपूर्ण संस्थेचे दार काही काळ बंद करते. एकाने हंडेच्या हंडे उपसावेत आणि साऱ्या आळीचे पाणी तुटावे, असा हा प्रकार आहे. ज्याला खरोखर वाचावयाचे आहे त्याला एका रात्रीत वीस वर्षे लागत नाहीत. त्याला एक लेख लागतो, आणि त्या लेखाने सुचविलेला दुसरा लागतो.

ह्या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे, तिच्याकडे आता वळतो. वर्गणीने मिळालेले वाङ्मय हे भाड्याच्या घरासारखे असते. भाडे थांबले की नवे अंक थांबतात; जुने मिळतील की नाही, हे करारावर अवलंबून असते. आणि संस्थेने भाडे भरीत राहिले, तरी विद्यार्थ्याचे खाते त्याच्या विद्यार्थिदशेपुरतेच असते. पदवी हाती पडली, नाव पटावरून निघाले, की काही काळाने खाते मिटते. कालपर्यंत जगातील हजारो नियतकालिके ज्याच्या बोटांशी होती, तोच मनुष्य आज तालुक्याच्या गावी शिक्षक म्हणून रुजू होतो आणि त्याच दारापाशी त्याला पैशांची मागणी दिसते. वर सांगितलेली राष्ट्रीय योजनासुद्धा केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधनसंस्था ह्यांच्यासाठी आखलेली आहे. कोणत्याच संस्थेत नसलेला अभ्यासक तिच्या कक्षेत येत नाही.

आणि आपल्या विद्येचा इतिहास पाहिला तर अशा अभ्यासकांचे ऋण फार मोठे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तो कोणत्याही विद्यापीठाच्या आश्रयाने नव्हे. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून, कसर लागलेले कागद मिळवून त्यांनी ते काम केले. असा एखादा राजवाडे आज जन्मला, तर माळ्यावरचे दप्तर त्याला कदाचित मिळेल. परंतु त्याच दप्तराविषयी गेल्या वर्षी लिहिला गेलेला लेख त्याच्यासाठी कुलपात असेल. ही स्थिती पालटावयाची असेल तर ग्रंथालयाच्या तिसऱ्या अंगाकडे पाहिले पाहिजे. ते अंग म्हणजे संशोधनाचे भांडार.

संशोधन-भांडार म्हणजे संस्थेने आपल्याच अभ्यासकांचे लेखन, म्हणजे प्रबंध, लेख, अहवाल, एकत्र करून, त्यांची रीतसर नोंद करून, सर्वांना विनामूल्य वाचता येईल असे ठेवलेले दालन. हे भाड्याचे घर नव्हे. हे स्वतःचे घर आहे, आणि त्याच्या दारावर पासवर्ड नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ साली असे भांडार उघडले; भारतातील ह्या प्रकारच्या प्रयत्नांचा तो आरंभ मानतात. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी असे ठरविले की, पीएच. डी. ची पदवी जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांच्या आत विद्यापीठाने प्रबंधाची संगणकीय प्रत पाठवावी. ह्या प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटने जे भांडार उभारले त्याचे नाव ‘शोधगंगा’. आज त्यात देशभरातील विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत.

ह्या संख्येचे महत्त्व कळण्यासाठी पूर्वीची स्थिती आठवावी. प्रबंधाच्या काळ्या किंवा तांबड्या कापडात बांधलेल्या चार-पाच प्रती होत. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाई, एक मार्गदर्शकाकडे, एक लेखकाच्या घरी. गुवाहाटीच्या अभ्यासकाला कोल्हापूरचा प्रबंध पाहावयाचा असेल तर कोल्हापूरला यावे लागे, आणि तेथेही तो ‘बाहेर न नेण्याच्या’ कपाटात असे. पाच-सहा वर्षांचे श्रम अशा रीतीने कपाटात जाऊन बसत, आणि तोच विषय घेऊन दुसऱ्या विद्यापीठात दुसरा विद्यार्थी पुन्हा आरंभापासून आरंभ करी. आता तसे करण्यास सबब उरलेली नाही.

तथापि भांडार उघडे असणे आणि ते वापरता येणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. शोधगंगेत विषयाचा एक शब्द टाकावा आणि आलेली पहिली दहा नावे पाहून थांबावे, हा शोध नव्हे. संशोधकाचे नाव, मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ, विभाग, विषयशब्द अशा अनेक दारांनी आत जाता येते. एखाद्या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या अध्यापकाचे नाव मार्गदर्शक म्हणून शोधले, तर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध एका रांगेत उभे राहतात, आणि एका विचारपरंपरेचा वंशवृक्ष डोळ्यांपुढे येतो. तेथे प्रबंध बहुधा प्रकरणवार ठेवलेला असतो; म्हणून जाणत्या वाचकाने आधी अनुक्रमणिका आणि अखेरची संदर्भसूची पाहावी. संदर्भसूची हे प्रबंधाचे सर्वांत उदार पान असते. लेखक चुकला असला तरी तो कोणत्या वाटेने गेला, हे ती सांगते. जे संशोधन अद्याप व्हावयाचे आहे त्याचे आराखडे ‘शोधगंगोत्री’ ह्या निराळ्या दालनात ठेवण्याची सोय आहे. विषय निवडण्यापूर्वी तिकडे एक फेरी मारलेली बरी. आणि वाचलेल्या प्रबंधाची टिपणात नोंद करताना पडद्यावरचा तात्पुरता पत्ता न लिहिता त्याला दिलेला कायमचा क्रमांक लिहावा. शोधगंगेतील असे क्रमांक १०६०३ ह्या अंकाने सुरू होतात. यंत्रे बदलली, पत्ते बदलले, तरी तो क्रमांक वाचकाला त्या प्रबंधापर्यंत पोहोचवावा, अशी योजना असते.

आता देण्याच्या बाजूकडे येऊ. प्रबंध भांडारात जातो तो नियमाने. त्यात लेखकाच्या इच्छेचा भाग थोडा. लेखांचे तसे नाही. नियतकालिकात छापलेला लेख बहुधा प्रकाशकाच्या कुलपात जातो. परंतु पुष्कळ प्रकाशक, परीक्षकांनी मान्य केलेले शेवटचे हस्तलिखित लेखकाने आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवण्यास, काही काळ थांबण्याच्या अटीवर, परवानगी देतात. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान ह्या दोन विभागांनी तर डिसेंबर २०१४ मध्ये असे धोरणच जाहीर केले की, त्यांच्या पैशाने झालेल्या संशोधनाचे लेख भांडारात ठेवले जावेत. म्हणजे मार्ग आहे, परवानगी आहे, कित्येकदा आज्ञाही आहे. उणीव आहे ती लेखकाच्या आस्थेची. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा आणि मान्य झालेली प्रत जपून ठेवून ग्रंथपालाकडे द्यावी, एवढेच काम. परंतु लेख छापून आला की आपले कार्य संपले, अशी आपली समजूत असते.

मराठीतून संशोधन करणाऱ्यांवर ह्या बाबतीत अधिक जबाबदारी येते. संगणकाच्या आरंभीच्या काळात देवनागरीसाठी जे निरनिराळे टंक वापरले गेले, त्यांत लिहिलेला मजकूर माणसाला वाचता येतो. पण यंत्राला तो मराठी म्हणून ओळखता येत नाही. असा प्रबंध भांडारात असतो आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. युनिकोड ह्या सर्वमान्य पद्धतीत लिहिलेला मजकूरच शोधता येतो. दुसरी अडचण नावांची. मराठी प्रबंधाचे शीर्षक नोंदीत पुष्कळदा रोमन लिपीत लिहिले जाते, आणि ‘ज्ञानेश्वर’ हा एकच शब्द चार लिपिकार चार प्रकारे लिहितात. शोधणाऱ्याने पाचवा प्रकार योजला की झाले! तिसरी अडचण लेखकाची. कुलकर्णी, पाटील, जाधव ह्या आडनावांचे शेकडो संशोधक आहेत, आणि विवाहानंतर आडनाव बदललेल्या लेखिकेचे आधीचे लेखन नंतरच्या लेखनापासून तुटून पडते. ह्यासाठी ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून कोणाही संशोधकास विनामूल्य मिळतो. भांडारात सापडत नाही तो ग्रंथ नसल्यातच जमा. माळ्यावरच्या दप्तराला कसर लागत असे. यंत्रातल्या दप्तराला चुकीची नोंद लागते, आणि परिणाम दोहोंचा एकच होतो.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रबंध असा उघड्यावर ठेवला तर त्यातील मजकूर चोरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. भीती निराधार नाही. परंतु चोरी पूर्वीही होत असे, आणि बंद कपाटातील प्रबंधाची चोरी पकडली जाण्याचा संभव फार थोडा असे. उघड्या भांडारातील मजकुराशी नवा प्रबंध यंत्राने ताडून पाहता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध जे नियम केले, त्यांच्या अंमलबजावणीला अशा भांडारांचाच आधार आहे. दहा जणांच्या देखत ठेवलेली वस्तू अंधाऱ्या कोठीतल्या वस्तूपेक्षा अधिक सुरक्षित असते. ज्याला आपल्या प्रबंधाचे पुस्तक करावयाचे आहे, त्याची अडचण वेगळी आहे. त्याने काही काळ थांबण्याची सवलत मागावी. कायमचे कुलूप मात्र मागू नये.

रंगनाथन ह्यांनी ग्रंथालयाला वाढत्या जिवाची उपमा दिली होती. तो जीव केवळ विकत घेतलेल्या ग्रंथांवर वाढावयाचा असेल, तर ज्या संस्थेजवळ पैसा अधिक तिचेच ग्रंथालय वाढेल. आपल्याच वाचकांनी आणून ठेवलेल्या विद्येवर तो वाढू लागला, तर लहान गावातील महाविद्यालयाचे भांडारही देशाच्या उपयोगी पडेल. कारण त्या परिसरातील जमीन, बोली, देवस्थाने आणि हातमाग ह्यांवर तेथल्या विद्यार्थ्याने जे लिहिले असेल, ते जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नसेल.

म्हणून प्रबंध पुरा करणाऱ्या प्रत्येक तरुण मित्राला आणि भगिनीला माझी एक विनंती आहे. प्रबंधाची प्रत देताना ग्रंथालयात जो नोंदीचा तक्ता भरावयाचा असतो, तो घाईने किंवा दुसऱ्याकडून भरवून घेऊ नका. शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हींत नीट लिहा. विषयशब्द असे निवडा की, तुमच्या विषयाचे नावही ज्याला ठाऊक नाही त्यालाही त्या शब्दांनी तुमच्यापर्यंत येता यावे. सारांश साध्या भाषेत लिहा. ह्या कामाला एक तास पुरतो. ग्रंथालयाने पाच वर्षे तुम्हांला जे दिले, त्यातले फारसे काही तुम्हांला परत करावे लागलेले नाही. हा एक तास मात्र तुमच्याकडून येणे आहे. तुमचे खाते उद्या मिटेल. त्या तासाभरात तुम्ही जे ठेवून जाल, ते ज्याचे कोठेच खाते नाही अशा कोणा अभ्यासकाच्या हाती पडेल, आणि तुमच्या हातून देवघेवीतील ‘देव’ पुरी होईल.